घरची नाताळ पार्टी: द्राक्षाच्या काड्यांचं कडं, कामट्यांची चांदणी आणि पातेल्यातला केक

पहिल्यांदाच घरी नाताळची पार्टी करणाऱ्यांची फजिती ठरलेली असते. सगळी कामं शेवटच्या दिवशी अंगावर येतात. मनुका मुरायला दोन दिवस, संत्र्याच्या साली वाळायला एक दिवस, काड्या भिजायला एक रात्र, भाजलेला केक कापण्याजोगा व्हायला आणखी एक दिवस. घाई करून यातलं काहीच लवकर होत नाही. ही वाट बघायची कामं आधी मार्गी लावली, की उरतं ते पाहुणे यायच्या दोन तास आधीही उरकतं.

खालची मापं पंधरा माणसांची आहेत. पार्टी नाशिकमध्ये, फ्लॅटच्या हॉलमध्ये किंवा सोसायटीच्या गच्चीवर, असं धरलंय.

तारीख आधी ठरवा

नाशिकमध्ये नाताळ काही मॉलबरोबर आलेला नाही. शरणपूरची ख्रिस्ती वस्ती 1854 मध्ये वसली, आणि शहरात नाताळचा फराळ करणारी मराठी घरं कित्येक पिढ्यांची आहेत. त्यांच्यापैकी कुणाला बोलावणार असाल तर 24 ची रात्र आणि 25 ची सकाळ सोडा. ती वेळ मिस्सेची, उपासनेची. 25 ची संध्याकाळ नातेवाइकांत जाते. शिवाय त्या दोन दिवसांत शरणपूर रस्ता, त्र्यंबक नाका आणि नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिराच्या बाजूला गर्दी असते, पाहुणे हमखास उशिरा पोचतात.

सगळ्यात सोयीचे दिवस 26 ते 30 डिसेंबर. नाताळ 25 ला संपतो असा समज आहे, तो चुकीचा. 6 जानेवारीला तीन राजांचा सण असतो आणि बऱ्याच घरांत गव्हाणीचा, म्हणजे येशूजन्माचा, देखावा तोपर्यंत हलत नाही. 31 डिसेंबर मात्र टाळा, त्या रात्री लोकांना दहा ठिकाणी जायचं असतं. वेळ संध्याकाळी साडेसहाची ठेवा. गच्चीवर साडेनऊनंतर गारठा बसू देत नाही आणि दहानंतर स्पीकर बंदच करावा लागतो.

थीम कशी निवडायची

थीमचा खरा उपयोग खरेदी कमी करायला होतो. एकदा ठरली की दुकानात दिसेल ते उचलणं थांबतं. म्हणून डिसेंबरात नाशिकला जे सहज मिळतं त्यातूनच थीम काढा.

बर्फाची थीम नवख्यांना फार आवडते आणि तीच सगळ्यात वाईट वठते. कापूस पसरला की शेजारी मेणबत्ती ठेवता येत नाही, थर्माकोलचे गोळे महिनाभर सोफ्याखाली सापडत राहतात, आणि राज्यात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदीही आहे.

त्यापेक्षा द्राक्षमळ्याची थीम घ्या. रंग तीनच: जांभळा, हिरवा आणि लाकडी तपकिरी. दारावर द्राक्षाच्या काड्यांचं कडं, टेबलावर गोणपाटाची पट्टी, प्यायला काळ्या द्राक्षांचं गरम सरबत. घरात लहान मुलं जास्त असतील तर चांदणी आणि गव्हाणी बरी: दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची गाय-म्हैस, मेंढरं आणि थोडं गवत यांतून गोठा उभा राहतो, मुलं त्यात तासभर रमतात. ख्रिस्ती घरांत बाळ येशूची मूर्ती 24 च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत. तुमची पार्टी त्याआधी असेल तर गव्हाणी रिकामीच शोभते.

तिसरी, कमीत कमी कष्टाची थीम म्हणजे स्वेटर पार्टी. प्रत्येकाने घरातलं सगळ्यात जुनं, भडक, विणलेलं स्वेटर घालून यायचं. सजावटीला फक्त दिव्यांच्या माळा, बास. थीम कोणतीही असो, निमंत्रणातच एका ओळीत सांगा. ‘काहीतरी लाल घालून या’ एवढं पुरतं.

दारावरचं कडं

ऑक्टोबरच्या फळछाटणीत बागेतून काड्यांचे ढीग निघतात. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, ओझर या पट्ट्यात ओळखीचं कुणी असेल तर दिवाळीतच सांगून ठेवा, कारण बरेच जण काड्या बारीक करून बागेतच टाकतात आणि डिसेंबरात बांधावर काही उरत नाही.

करंगळीएवढ्या जाडीच्या, तीन ते चार फुटी पंधरा काड्या लागतात. त्यांवर कधी निळसर पांढरा थर असतो, तो बोर्डोसारख्या (मोरचूद-चुन्याच्या) फवारणीचा. हातमोजे घालून, साबणाच्या पाण्यात ब्रशने घासून काढा. ही पायरी गाळू नका, कडं मुलांच्या हाताशी येणार आहे.

वाळलेली काडी वाकवली की मोडते. म्हणून टबात पाणी भरून, वर दगड ठेवून रात्रभर बुडवा. सकाळी एक काडी हळूहळू वाकवून बघा. कट् आवाज आला तर कोमट पाण्यात आणखी चार तास. नुसती करकर झाली तर चालेल.

आता 28 ते 30 सेंटीमीटर व्यासाचं पातेलं पालथं घाला. पहिल्या तीन काड्या त्याभोवती एकत्र गुंडाळा, जाड टोकावर बारीक टोक येऊ द्या आणि चार ठिकाणी सुतळीने घट्ट बांधा. पातेलं काढून घ्या. पुढची प्रत्येक काडी या गाभ्यात खोचून, तिरकी पिळत फिरवा. प्रत्येक काडीची सुरुवात आधीच्या काडीपासून पाव वर्तुळ पुढे हवी. सगळ्या एकाच जागी खोचल्या तर ती बाजू फुगते आणि कडं लोंबकळताना तिकडेच कलतं. टोकं आत दडपा. मग सपाट जागी पाट आणि त्यावर दोन विटा ठेवून दिवसभर सावलीत वाळू द्या. उन्हात वाळवलं तर कडं पिळवटतं आणि दारावर नीट टेकत नाही.

सजावट खालच्या एक तृतीयांश भागातच करा. सुरूच्या दोन-तीन डहाळ्या, दालचिनीच्या काड्या, चक्रीफूल, सुक्या लाल मिरच्या, संत्र्याच्या वाळलेल्या चकत्या. आंब्याची पानं नकोत, ती लावली की थेट दसराच आठवतो. चकत्यांसाठी संत्रं 5 मिलिमीटर जाडीचं कापून, फडक्याने टिपून, ओव्हनमध्ये 100 अंशांवर अडीच ते तीन तास ठेवा, मध्ये दोनदा उलटा. उन्हात चार दिवस लागतात आणि मुंग्यांवर पहारा ठेवावा लागतो.

कामट्यांची चांदणी

संक्रांतीमुळे डिसेंबरातच पतंगांचा माल दुकानांत येऊ लागतो. पतंगी कागद आणि बांबूच्या कामट्या तिथेच मिळतात. 60 सेंटीमीटरच्या दहा कामट्या आणि 12 सेंटीमीटरचे पाच तुकडे घ्या. दहाही कामट्या लांबीला आणि लवचीकपणाला सारख्या हव्यात. एक जाड निघाली की चांदणीचा एक पाय आखडतो.

प्रत्येक कामटीवर टोकापासून 23 सेंटीमीटरवर पेन्सिलची खूण करा, दुसऱ्या टोकाकडूनही तशीच. मधे 14 सेंटीमीटर उरतील. पाच कामट्यांची चांदणी मांडली की कामट्या एकमेकींना बरोबर या खुणांवर छेदायला हव्यात. खुणा जुळल्या म्हणजे पाचही कोन सारखे झाले, कोनमापक लागत नाही. कामट्या एकीवरून एक, एकीखालून एक अशा विणत मांडा, म्हणजे बांधायच्या आत सांगाडा विस्कटत नाही. टोकांना आधी रबर लावा, सगळं जुळल्यावर दोरा आणि फेव्हिकॉल. अशीच दुसरी चांदणी करा.

दोन्ही एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधा. आता आतल्या पाच छेदबिंदूंमध्ये, पुढच्या आणि मागच्या चांदणीच्या मधे, 12 सेंटीमीटरचे तुकडे उभे अडकवा. चांदणीला पोट येतं. हे तुकडे निसटतात, म्हणून दोन्ही टोकांना खाच पाडून घ्या आणि पाचही बसल्यावरच बांधायला सुरुवात करा.

कागद लावताना पुढची बाजू, मागची बाजू आणि कडेचे दहा त्रिकोण असे वेगळे कापा, प्रत्येक तुकड्याला दीड सेंटीमीटरची मुडप सोडा. मागचा मधला पंचकोन उघडा ठेवा, दिवा तिथूनच जातो. कागद जरा ढिला बसला तरी घाबरू नका. खळ वाळल्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, सुकताना कागद आपोआप ताणला जातो. फवारा जास्त झाला तर मात्र फाटतो.

आत 5 वॉटचा एलईडी दिवा पुरतो. जुना पिवळा बल्ब नको, त्याच्या उष्णतेने कागद करपतो, प्रसंगी पेटतो. होल्डर सांगाड्याला बांधा आणि चांदणीचं वजन दोरीवर घ्या, वायरवर नको. उघड्या गच्चीवर पहाटेच्या दवाने पतंगी कागद एका रात्रीत लोळागोळा होतो. तिथे टांगायची असेल तर जिलेटीन कागद वापरा.

नाताळच्या झाडाबद्दल थोडक्यात: नर्सरीत अरौकेरियाचं कुंडीतलं रोप मिळतं, ते वर्षानुवर्षं चालतं. घरात आठवडाभरच ठेवा, खिडकीजवळ. फांद्या नाजूक असतात, काचेचे जड गोळे लटकवू नका.

केक: चार दिवस आधी सुरुवात

7 इंची, 3 इंच खोल गोल डब्यात साधारण किलोभराचा केक होतो, पंधरा-सोळा तुकडे पडतात.

मुरवायला: काळ्या मनुका 100 ग्रॅम, बेदाणे 75 ग्रॅम, बिया काढलेला खजूर 50 ग्रॅम, पाकातली संत्र्याची साल 25 ग्रॅम, संत्र्याचा रस 150 मिली. सगळं बेदाण्याच्या आकाराचं चिरून काचेच्या बरणीत घाला आणि फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवा, रोज एकदा हलवा. मद्य घालणारे महिना-महिना मुरवतात. रसातला सुकामेवा तसा टिकत नाही. बाहेर ठेवला तर आंबतो, बुडबुडे आणि आंबूस वास आला तर टाकून द्या. अगदीच वेळ नसेल तर रसात पाच मिनिटं मंद उकळा आणि रात्रभर झाकून ठेवा. साध्या केकला तेवढं चालतं.

केकला: मैदा 180 ग्रॅम, बटर 150 ग्रॅम, पिठीसाखर 120 ग्रॅम, अंडी 3, बेकिंग पावडर 1 चमचा, दालचिनी पूड अर्धा चमचा, जायफळ पाव चमचा, लवंगेची पूड चिमूटभर, काजू-अक्रोड 60 ग्रॅम. चमचा म्हणजे 5 मिलीचा. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको.

कॅरमल: साखर 80 ग्रॅम, पाणी 100 मिली. केकचा काळसर रंग आणि निम्मी चव इथूनच येते, आणि नवख्यांचा केक इथेच बिघडतो. जाड बुडाच्या पातेल्यात साखर आणि दोन चमचे पाणी घालून मध्यम आचेवर ठेवा. ढवळू नका, पातेलं नुसतं फिरवा. आधी सोनेरी, मग तांबूस, मग कोऱ्या चहासारखा गडद रंग येतो. त्याच क्षणी गॅस बंद करा. तांबूस असतानाच थांबलात तर केक फिका पडतो. धूर येऊन कडवट वास सुटला तर ते फेकून पुन्हा करा, कारण तो कडवटपणा कशानेही झाकला जात नाही. उरलेलं पाणी दुसऱ्या गॅसवर कडक गरम करून थोडं थोडं ओता. गार पाणी ओतलं की साखर उसळून हातावर उडते. मुलांना या वेळी स्वयंपाकघराबाहेर ठेवा. गुठळी झालीच तर मंद आचेवर विरघळवा आणि पूर्ण गार होऊ द्या.

डिसेंबरच्या थंडीत बटर ओट्यावर दिवसभर ठेवलं तरी मऊ होत नाही. भांडं कोमट पाण्यात ठेवून मऊ करा, वितळवू मात्र नका, वितळलेल्या बटरमध्ये हवा धरत नाही. अंडीही फ्रीजमधून दोन तास आधी काढा. थंड अंडं घातलं की मिश्रण फाटतं.

बटर आणि साखर हलकं, पांढरट होईपर्यंत फेटा. हाताने बारा-पंधरा मिनिटं, बीटरने पाच. एकेक अंडं घालून फेटा. फाटतंय असं दिसलं तर चमचाभर मैदा टाका. मैदा, बेकिंग पावडर आणि मसाले दोनदा चाळून घ्या. मैदा आणि कॅरमल आलटून पालटून, तीन भागांत घाला आणि आता फेटणं थांबवून उलथन्याने हलक्या हाताने मिसळा. मुरलेला मेवा गाळणीत पंधरा मिनिटं निथळा, मोजलेल्या मैद्यातलेच दोन चमचे त्याला चोळा आणि काजू-अक्रोडासकट शेवटी घाला. न निथळता घातलेला मेवा तळाला जाऊन बसतो.

ओव्हन 160 अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. डब्याला तळाशी आणि कडेने बटर पेपर लावा. 65 ते 75 मिनिटं लागतात. पहिली 45 मिनिटं दार उघडायचं नाही, उघडलं की मधला भाग खचतो. वरचा रंग लवकर गडद झाला तर त्यानंतर फॉइल झाका. विणकामाची सुई मध्यभागी खुपसून कोरडी निघाली की केक झाला.

ओव्हन नसेल तर जाड ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं घ्या. तळाला इंचभर जाडं मीठ, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापवा, डबा ठेवा आणि आच अगदी बारीक करा. 75 ते 90 मिनिटं. कुकर वापरायचाच असेल तर शिट्टी आणि रबर काढून, पाण्याशिवाय. पण चांगला कुकर यात घालू नका, कोरड्या आचेने तो खराब होतो. झाकणावर वाफ जमून केकवर टपकते, म्हणून झाकणाला फडकं बांधा आणि त्याची टोकं वर गुंडाळा, लोंबती टोकं गॅसवर येतात.

अंडं नको असेल तर 180 ग्रॅम ताजं, आंबट नसलेलं दही आणि अर्धा चमचा खायचा सोडा. हा केक थोडा घट्ट होतो आणि चार-पाच दिवसांत संपवावा लागतो.

गार झाल्यावर बटर पेपर आणि मग फॉइलमध्ये गुंडाळून एक दिवस तरी ठेवा. गरम केक कापला की भुगा होतो, आणि मसाल्याची चवही दुसऱ्या दिवशीच उतरते.

बाकीचं खाणं

कुलकुलं म्हणजे शंकरपाळ्यांची चुलत भावंडं, पण वळायला मजा जास्त. मैदा 250 ग्रॅम, रवा 2 मोठे चमचे, पिठीसाखर 40 ग्रॅम, चिमूटभर मीठ, त्यावर 2 मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन. नारळाचं दूध 110 ते 120 मिली लागेल तसं घालून घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा. करवंदाएवढी गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर अंगठ्याने दाबत पसरा आणि तशीच गुंडाळत उचला. शेवटची कड नीट दाबली नाही तर तेलात उलगडतं. मंद ते मध्यम आचेवर, एका घाण्याला सहा-सात मिनिटं. तेल जास्त तापलं तर बाहेरून लाल आणि आतून कच्चं. मुलांना कामाला लावायचं असेल तर वळण्यापुरतंच. डब्यात पंधरा दिवस राहतात.

तिखटाला सोलाण्याचं कटलेट. डिसेंबरात बाजारात हरभऱ्याच्या जुड्या असतात. सोललेले दाणे 250 ग्रॅम पाच मिनिटं वाफवून, पाणी न घालता भरड वाटा. उकडलेला बटाटा 250 ग्रॅम, चार हिरव्या मिरच्या, इंचभर आलं, लिंबू, मीठ, कोथिंबीर आणि दोन मोठे चमचे टोस्टचा चुरा. अठरा-वीस होतात, माणशी एकाहून थोडे जास्त. खाणारी मंडळी असतील तर दुप्पट करा. आदल्या दिवशी थापून फ्रीजमध्ये ठेवा, पाहुणे आल्यावर तव्यावर थोड्या तेलात भाजा. फुटत असतील तर बटाटा गरम असताना कुस्करलेला असणार. तो गारच कुस्करावा.

काळ्या द्राक्षांचं सरबत आठ छोटे कप होतं, म्हणून पंधरा माणसांना माप दुप्पट करा. द्राक्षं 1 किलो मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून तीनदा धुवा. पाणी 500 मिली, दालचिनीचा दोन इंची तुकडा, चार लवंगा आणि संत्र्याच्या सालीची एक पट्टी घालून बारा मिनिटं मंद उकळा, डावाने दाबून गाळा. मिक्सरला लावू नका, बिया फुटून तुरटपणा येतो. हंगामाच्या सुरुवातीची द्राक्षं आंबट असतात, तेव्हा गूळ 60 ते 80 ग्रॅम, चव बघून. गूळ गॅस बंद केल्यावर घाला. फ्लास्कमध्ये भरून ठेवलं तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

एवढ्यावर द्राक्षं, पेरू आणि मिळाल्या तर सुरगाण्याकडच्या स्ट्रॉबेरी मांडा. कोंडाजी चिवडा एका वाडग्यात ठेवला तर पाहुणे तोच आधी संपवतात, हेही लक्षात घेऊन बाकीचं प्रमाण धरा. ताटल्या पत्रावळीच्या घ्या.

घरी केलेल्या भेटी

चिठ्ठ्या टाकून भेटी द्यायच्या असतील तर पंधरा दिवस आधी चिठ्ठ्या काढा आणि नियम एकच ठेवा: भेट हातची हवी, साहित्याचा खर्च दोनशे रुपयांच्या आत. किमतीची मर्यादा सांगितली नाही की कुणी पन्नासची वस्तू आणतं, कुणी पाचशेची, आणि दोघंही अवघडतात.

पाकातली संत्र्याची साल ही सगळ्यांना जमणारी भेट. चार संत्र्यांच्या सालींच्या पट्ट्या कापा, आतला पांढरा दोरा काढा. पाण्यात पाच मिनिटं उकळून पाणी फेका, असं तीनदा. यातच कडवटपणा जातो, दोनदाच केलं तर मागाहून जाणवतो. मग सालीच्या वजनाइतकी साखर आणि त्याच्या निम्मं पाणी घालून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, पट्ट्या पारदर्शक दिसेपर्यंत. चाळणीवर दिवसभर वाळवा, साखरेत घोळवा. यातली 25 ग्रॅम केकसाठी आधीच बाजूला काढा.

दिवाळीच्या पणत्यांत मेण ओतलं तर सुंदर दिवे होतात. 250 ग्रॅम मेणात आठ ते दहा. मेण थेट गॅसवर ठेवायचं नाही, गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं. पेटलंच तर पाणी न टाकता झाकण ठेवून गॅस बंद करा. साधी पणती मेण शोषते, म्हणून आतून आधी मेणाचा पातळ हात द्या. वात मधोमध उभी राहावी म्हणून तिला टूथपिक बांधून काठावर आडवी ठेवा. थंडीत मेण पटकन आकसून मधे खड्डा पडतो. थोडं मेण राखून तासाभराने तो भरा.

चहाच्या मसाल्याची पुरचुंडी ऑफिसात फार खपते: सुंठ 40 ग्रॅम, वेलची 20, मिरी 10, दालचिनी 10, लवंग 5, अर्धं जायफळ. कोरडी भाजू नका, वेलचीचा वास उडतो. नुसती उन्हात तासभर ठेवून दळा. पुरचुंडीला 20 बाय 45 सेंटीमीटरचं कापड दुमडून दोन बाजूंनी शिवलं की झालं. शिंप्याकडे पैठणीच्या ब्लाउजचे तुकडे उरलेले असतात, ते मागा. जरीचे धागे सुटतात, म्हणून कडा आधी दुमडून शिवा. मसाला आत छोट्या घट्ट डबीत, नुसता कापडात नको.

शेवटचे दोन तास

दिव्यांच्या माळा सगळ्यात आधी लावून बघा, एक तरी माळ बंद निघतेच. एका एक्स्टेंशनवर हीटर आणि माळा एकत्र नकोत. मेणाचे दिवे टेबलाच्या मधोमध, गोणपाटापासून दूर, स्टीलच्या ताटात पाणी घालून ठेवा. गच्चीवर वारा असेल तर काचेच्या ग्लासात. केक पाहुणे यायच्या आधी कापू नका, कापलेल्या बाजू थंड कोरड्या हवेत तासाभरात सुकतात. दात्यांची सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि करवतीसारखी चालवा, दाबू नका.

पार्टी झाल्यावर कड्यावरची डहाळी, संत्री आणि मिरच्या काढून टाका. नुसतं काड्यांचं कडं दोन दिवस कडक उन्हात तापवून, कडुनिंबाच्या पाल्याबरोबर कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा. पावसाळ्यात एकदा बाहेर काढून बघा. पांढरी पूड पडलेली दिसली तर काडीला भुंगा लागलाय, ते कडं लगेच घराबाहेर काढा, नाहीतर तो लाकडी फर्निचरमध्ये शिरतो.